बाकीचे कोण बघणार?

माझ्या टेबलावरच्या कॅमेऱ्याची लेन्स गेले काही महिने अर्धी बाहेर येऊन अडकलेली आहे. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर फोटो काढणारा, मुठीत मावणारा, नव्वदच्या दशकातला हा स्वयंचलित कॅमेरा आहे. रोल आत ठेवून मागचे दार लावले की घरघरत रोल स्वतःच चढवणारा, अंतर स्वतःच मोजणारा आणि उजेड कमी पडला तर न विचारता फ्लॅश उडवणारा. एके दिवशी समोरची पट्टी सरकवल्यावर लेन्स बाहेर येऊ लागली, निम्म्यावर थांबली आणि डोळा लावायच्या खिडकीशेजारचा हिरवा दिवा लुकलुकत राहिला. सेल बदलून पाहिला; दिवा जरा अधिक उत्साहाने लुकलुकू लागला, एवढाच फरक पडला. जुने कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे तो नेला, तेव्हा त्यांनी तो कानाशी धरून पट्टी दोनदा मागेपुढे केली आणि न उघडताच निदान सांगितले, "आतली रिबीन तुटली आहे. असाच आणखी एक बंद पडलेला मिळाला तर घेऊन या, दोन्हींचा मिळून एक करून देतो."

रिबीन म्हणजे बोटाच्या पेराहून अरुंद अशी प्लास्टिकची लवचीक पट्टी, जिच्यावर तांब्याच्या केसासारख्या रेघा छापलेल्या असतात. पुढेमागे सरकणाऱ्या लेन्सला न हलणाऱ्या सर्किटशी जोडण्याचे काम ती करते, म्हणून कॅमेरा उघडला-मिटला की ती दर वेळी त्याच घडीवर वाकते. कितीतरी हजार वेळा वाकल्यानंतर एखादी रेघ तडकते आणि लेन्स, शटर, मोटर, फ्लॅश असे बाकी सगळे धडधाकट असूनही कॅमेरा मरतो. ही पट्टी नव्याने बनवणे आज अजिबात अवघड नाही. लवचीक सर्किट छापून देणारे कारखाने जगभर आहेत आणि ते मोजक्या नगांचेही काम घेतात. अडचण अशी की तिच्या रेघा कोणत्या टोकापासून कोणत्या टोकाला जातात, तिची नेमकी लांबी किती, आणि ती बदलल्यावर लेन्स पुन्हा योग्य जागी आणण्यासाठी कोणत्या जोडाबिंदूवर किती व्होल्टेज दिसले पाहिजे, हे ज्या कागदावर लिहिले आहे तो कागद कंपनीच्या कपाटात आहे. म्हणून एक कॅमेरा जगवायचा तर दुसरा मोडावा लागतो, आणि दरवर्षी जगातले चालते कॅमेरे तेवढ्याने कमी होतात.

मला म्हणायचे आहे ते असे, की "तुम्हाला काहीही कळण्याची गरज नाही" या आश्वासनावर ज्या उत्पादकाने वस्तू विकली, त्याने ती वस्तू वाऱ्यावर सोडताना तिच्याविषयीचे ज्ञान स्वतःबरोबर नेता कामा नये, आणि त्याच्या मर्जीवर न सोपवता कायद्याने ते त्याच्याकडून घेतले पाहिजे.

हे आश्वासन जुने आहे. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा विकायला काढला तेव्हा त्यांची जाहिरात होती, "तुम्ही बटण दाबा, बाकीचे आम्ही बघतो." त्या कॅमेऱ्यात शंभर फोटोंची फिल्म भरलेली असे, ती संपली की ग्राहकाने कॅमेरा तसाच कारखान्याकडे पाठवायचा, तिथे फिल्म धुतली जाई, फोटो छापले जात आणि नवी फिल्म भरून कॅमेरा परत येई. यातले "बाकीचे" हे माणसांनी केलेले काम होते आणि ते करणारी माणसे कुठे बसतात हे ग्राहकाला ठाऊक होते. पुढच्या शंभर वर्षांत या "बाकीच्या"चा बराच भाग हळूहळू कारखान्यातून निघून कॅमेऱ्याच्या पोटात गेला. १९६३ मध्ये कोडॅकच्याच इन्स्टामॅटिकने फिल्मची डबी नुसती आत टाकण्याची सोय केली. १९७७ मध्ये कोनिकाच्या सी-३५ एएफने फोकस करण्याचे काम वापरणाऱ्याच्या हातून काढून घेतले. १९७९ मध्ये कॅननच्या एएफ-३५-एमने अवरक्त किरण सोडून अंतर मोजायला आणि मोटरने रोल पुढे सरकवायला सुरुवात केली. १९८३ पासून फिल्मच्या डबीवरच तिची संवेदनक्षमता चंदेरी-काळ्या चौकोनांत लिहून येऊ लागली, त्यामुळे तो आकडा लावण्याचेही कारण उरले नाही. १९९१ चा ऑलिंपस म्यू हातात घेतला की हा प्रवास कुठे पोहोचला ते कळते. साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत, समोर सरकते झाकण, वर एकच मोठे बटण.

बटण दाबल्यापासून शटर मिटेपर्यंत आत काय होते ते एकदा सावकाश पाहण्यासारखे आहे. बटण अर्धे दाबले की पुढच्या एका छोट्या खिडकीतून अवरक्त किरण सुटतो, समोरच्या माणसावर आपटून दुसऱ्या खिडकीत परततो आणि तो कोणत्या कोनातून आला त्यावरून अंतर ठरते. (म्हणूनच आगगाडीच्या बंद काचेतून काढलेल्या फोटोत डोंगर धूसर येतात, किरण काचेवरूनच परत फिरतो आणि कॅमेऱ्याला वाटते की काढायचे आहे ते काचेपाशीच आहे.) दरम्यान उजेड मोजणारा घटक त्याचा आकडा देतो, डबीवरच्या चौकोनांवरून फिल्म कोणती ते आधीच वाचलेले असते, आणि या सगळ्यांतून एक निर्णय होऊन शटरची तीच दोन पाती किती उघडायची आणि किती वेळ उघडी ठेवायची हे ठरते, कारण यातल्या बहुतेक कॅमेऱ्यांत उजेड आत सोडणारे छिद्र आणि शटर ही दोन्ही कामे एकच पाती करतात. काही कंपन्यांनी तर सुरुवातीलाच सगळा रोल पलीकडच्या रिळावर काढून घेऊन, काढलेला प्रत्येक फोटो डबीत परत ओढून घेण्याची युक्ती केली, जेणेकरून चुकून मागचे दार उघडले गेले तरी झालेले फोटो वाचावेत. इतका विचार, इतकी माया वापरणाऱ्याच्या चुकांवर केलेली आहे, आणि तरीही वस्तू बिघडल्यावर त्याच वापरणाऱ्याच्या हाती काहीच ठेवलेले नाही.

याच्या शेजारी ऑलिंपसचाच ट्रिप ३५ ठेवून पाहावा. तो १९६७ ते १९८४ या काळात बनत होता, आणि तोही हौशी माणसासाठीच होता. सुट्टीवर निघालेल्या कुटुंबासाठी, हे त्याच्या नावातच आहे. त्याला सेल लागत नाही. लेन्सभोवतीच्या खडबडीत काचेच्या कड्यामागे सेलेनियमचा घटक असतो, त्यावर उजेड पडला की एक सुई हलते, बटण दाबले की ती सुई पायऱ्या-पायऱ्यांच्या पट्टीखाली चिमटीत धरली जाते आणि ती जिथे सापडली त्यावरून छिद्र किती उघडायचे ते ठरते. शटरचे वेग दोनच, सेकंदाचा चाळीसावा आणि दोनशेवा भाग. उजेड पुरेसा नसेल तर खिडकीत लाल जिभली वर येते आणि बटण दबतच नाही. वरचे झाकण काढून बसलेल्या माणसाला, त्याने यापूर्वी एकही कॅमेरा उघडलेला नसला तरी, ही साखळी डोळ्यांनी दिसते. तिथे कंपनीने ज्ञान लपवले काय नि दिले काय, ते वस्तूतच उघडे पडलेले आहे. म्यूच्या पिढीत ते सर्किटात गेले, आणि सर्किट कितीही निरखून पाहिले तरी ते काही सांगत नाही.

इथे हटकून एक सल्ला मिळतो: मग यांत्रिक कॅमेराच घ्या, सूर्यप्रकाशाचे गणित शिका, रोल हाताने सरकवा. हा सल्ला देणाऱ्यांविषयी मला आदर आहे, कारण मीही काही वर्षे तो देत हिंडलो. आणि सेलेनियमही काळाने झिजते, आतले तेल गोठते, मागच्या दारावरचा फोम चिकट काळा गूळ होऊन बोटांना लागतो, हे तेव्हा सोयीस्करपणे विसरत होतो. पण या सल्ल्यात एक प्रकारचा शिष्टपणा आहे. ज्याला वाढदिवसाच्या गडबडीत, एका हाताने मूल सावरत, दुसऱ्या हाताने एक फोटो काढायचा आहे, त्याच्यासाठीच हा स्वयंचलित कॅमेरा जन्माला आला आणि त्या माणसाची गरज खोटी नव्हती. जगातल्या कितीतरी घरांचे अल्बम छायाचित्रकारांनी भरलेले नाहीत, अशा घाईत असलेल्या माणसांनी भरले आहेत. त्यांना "तुम्ही आळशी होता म्हणून आता भोगा" असे सांगणे हे दुरुस्तीच्या प्रश्नावरचे उत्तर असू शकत नाही. हातातला मोबाइल हेच सगळे अधिक चांगले करतो, हे तर निर्विवाद आहे. परंतु एखाद्या वस्तूला सरस पर्याय आला म्हणून ती दुरुस्त करण्याचा हक्क संपतो असे आपण सायकलबद्दल किंवा हातमागाबद्दल कधी म्हणत नाही.

उत्पादकांच्या बाजूने जे मुद्दे मांडले जातात त्यांत सर्वांत वजनदार मुद्दा सुरक्षेचा आहे. फ्लॅश असलेल्या प्रत्येक कॅमेऱ्यात वीज साठवून ठेवणारा एक कपॅसिटर असतो, तो साधारण तीनशे व्होल्टपर्यंत भरलेला असतो आणि सेल काढून टाकला तरी बराच काळ तसाच राहू शकतो. मी स्वतः पहिल्यांदा असा कॅमेरा उघडला तेव्हा स्क्रू-ड्रायव्हरचे टोक नको तिथे टेकले. फटकन ठिणगी उडाली, कोपरापर्यंत मुंग्या आल्या आणि सुटलेला बारीक स्क्रू जो गेला तो गेलाच. धोका खरा आहे. पण त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष उलटा आहे. दुरुस्तीची पुस्तिका, म्हणजे सर्व्हिस मॅन्युअल, लपवल्याने लोक कॅमेरे उघडायचे थांबलेले नाहीत. ते फक्त आंधळेपणाने उघडतात. सर्व्हिस मॅन्युअल कपॅसिटर कुठे आहे आणि तो कसा रिकामा करायचा हे आधी सांगते, स्क्रू कोणत्या क्रमाने काढायचे हे नंतर. ज्या कारणासाठी ते गुप्त ठेवले जाते, त्याच कारणासाठी ते उघड हवे.

दुसरा मुद्दा व्यापारी गुपिताचा. यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही, कारण या कॅमेऱ्यांतल्या कल्पना पेटंटांत सविस्तर छापलेल्या होत्या आणि पेटंटचे आयुष्य साधारणतः वीस वर्षांचे असते. अवरक्त फोकसपासून रोल उलटा गुंडाळण्यापर्यंत नव्वदच्या दशकात जे काही नवे होते ते आज कोणीही बनवू शकतो. पेटंट हा मुळातच एक सौदा आहे: समाज काही वर्षांची मक्तेदारी देतो आणि शोधकर्ता त्या बदल्यात शोध उघड करतो. गंमत अशी की दुरुस्तीची पुस्तिका या सौद्याच्या बाहेर राहते. तिला लागू होतो तो लेखनाधिकार, म्हणजे कॉपीराइट, आणि तो फार लांब चालतो. जपानमध्ये संस्थेच्या नावाने प्रकाशित झालेल्या लेखनावर आता प्रकाशनापासून सत्तर वर्षे हक्क असतो; म्हणजे १९९१ मध्ये तिथे प्रकाशित झालेल्या एखाद्या पुस्तिकेवरचा हक्क २०६१ च्या अखेरीस संपेल. कॅमेऱ्याची नक्कल करून नवा कॅमेरा बनवायला २०११ नंतर कोणाची हरकत नसावी, पण तोच कॅमेरा दुरुस्त कसा करावा हे सांगणारे पान दुसऱ्याला द्यायला मात्र आणखी पन्नास वर्षे बंदी असावी, अशी ही अवस्था आहे. आज कारागीर ज्या पुस्तिकांवर काम करतात त्यांतल्या बऱ्याचशा कोणीतरी कधीतरी झेरॉक्स केलेल्या, कडा कापल्या गेलेल्या, तीन नंबरचे पान गायब असलेल्या प्रती आहेत. चोरीचा माल म्हणून त्यांच्याकडे कोणी बोट दाखवत नाही हे खरे, पण सहन केले जाणे आणि हक्क असणे यांत अंतर आहे.

गुप्ततेविरुद्ध मला सर्वांत पटणारा पुरावा मात्र उत्पादकांच्याच घरातला आहे. रिको इमेजिंगने २०२२ च्या डिसेंबरात पेंटॅक्सच्या नावाने पुन्हा फिल्मचे कॅमेरे बनवण्याचा विचार जाहीर केला आणि २०२४ च्या जूनमध्ये पेंटॅक्स १७ बाजारात आणला. उभी १७ बाय २४ मिलिमीटरची अर्धी चौकट, म्हणजे छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो. रोल अंगठ्याने ओढायचा. फोकससाठी मोटर नाही, जवळ-दूरच्या सहा चित्रांपैकी एकावर कडे फिरवायचे. या कामासाठी तरुण अभियंत्यांना जुनी रेखाचित्रे धुंडाळावी लागली आणि निवृत्त झालेल्या ज्येष्ठांचा सल्ला घ्यावा लागला, हे त्या प्रकल्पाच्या प्रमुखांनी मोकळेपणाने सांगितले आहे. दशकानुदशके असे कॅमेरे बनवलेल्या कंपनीलाही रोल ओढण्याची कळ कशी बनवायची हे पुन्हा शिकावे लागते, याचा अर्थ कुलूपबंद कपाटातले ज्ञान मालकाजवळही टिकत नाही. फोकसची मोटर गाळण्यामागे खर्चाचा विचार असेल, पण परिणाम असा झाला की तुटण्यासारखी एक गोष्ट आपोआप कमी झाली. याउलट त्याच वर्षी आलेल्या रोलाय ३५ एएफमध्ये अंतर मोजायला लेझरवर चालणारा लायडार आहे. फोटो चांगले येत असतील. पण तीस वर्षांनंतर त्यातला लायडार गेला तर कारागीर कोणता दुसरा मेलेला कॅमेरा मागवणार, असा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

कायदे होत आहेत, आणि ते स्वागतार्ह आहेत. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत केला; धुलाईयंत्रे, फ्रिज, व्हॅक्यूम क्लीनर, मोबाइल, टॅब्लेट अशा वस्तू त्याच्या यादीत आहेत. कॅमेरा त्या यादीत नाही, डिजिटलही नाही आणि फिल्मचाही नाही. मोबाइलसाठी तिथे आता असा नियम आहे की विक्री थांबल्यावरही ठरावीक सुटे भाग सात वर्षे पुरवले पाहिजेत. हा नियम मोबाइलसाठी रास्त असेल. पण कॅमेऱ्याच्या बाबतीत सात वर्षे म्हणजे काहीच नाही. पस्तीस वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यात आज विकत घेतलेला रोल बसतो, कारण ती डबी १९३४ पासून बदललेली नाही. वस्तूचे आयुष्य इतके लांब असण्याचे श्रेय तिच्यातल्या एका प्रमाणभूत भागाला आहे. सध्याचे कायदे "किती वर्षे" एवढेच विचारतात. ती वर्षे संपल्यावर काय, याबद्दल ते गप्प आहेत, आणि कॅमेऱ्यांचा सगळा प्रश्न ती संपल्यानंतरच सुरू होतो.

उत्पादकाने सुटे भाग अनंतकाळ बनवत राहावेत, अशी मागणी कोणी शहाणा माणूस करणार नाही. मागणी एवढीच असावी की भाग देणे ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी पुस्तिका, सुट्या भागांची मापे आणि जुळवणीचे आकडे सर्वांसाठी खुले व्हावेत. पण यातही एक खोच आहे, आणि ती न पाहता केलेला कायदा कागदावरच राहील. तो दिवस येईपर्यंत कंपनीच उरलेली नसते. काँटॅक्स टी-२ हा १९९० चा टायटॅनियमचा देखणा कॅमेरा बनवणाऱ्या क्योसेराने २००५ मध्ये या व्यवसायातून अंग काढून घेतले; पहिला स्वयंफोकस कॅमेरा देणारी कोनिका आधी मिनोल्टाशी एकत्र झाली आणि २००६ मध्ये दोघींनी मिळून कॅमेरे सोडले; ऑलिंपसचा कॅमेरा विभाग २०२१ मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेला. ज्या विभागाला जाब विचारायचा तोच बंद झालेला असेल, तर बंधन पाळणार कोण? विलीनीकरणाच्या धामधुमीत रेखाचित्रांचे खोके कोणत्या गोदामात गेले हे बहुधा त्यांनाही सांगता येणार नाही, आणि त्यात कुणाचा दुष्टपणा असण्याचेही कारण नाही.

म्हणून ही कागदपत्रे शेवटी मागून चालणार नाही, ती सुरुवातीलाच घेऊन ठेवली पाहिजेत. यासाठी नवे काही शोधून काढावे लागत नाही. पुस्तक छापले की त्याच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करायच्या, ही पद्धत अनेक देशांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि तिने एकही प्रकाशक बुडाल्याचे ऐकिवात नाही. त्याच धर्तीवर, मॉडेल विक्रीला येण्यापूर्वी त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलची आणि सर्किटच्या आराखड्याची एक प्रत सार्वजनिक संस्थेत मोहोरबंद जमा व्हावी. कंपनी भाग पुरवते आहे तोवर ती मोहोर तशीच राहावी, आणि पुरवठा थांबला किंवा कंपनीच गेली तर ती कोणाचीही परवानगी न मागता उघडावी. जुन्या कॅमेऱ्यांना हे मागे जाऊन लागू करता येणार नाही, हे मला मान्य आहे. त्यांच्यासाठी निदान एवढे करता येईल, की ज्या मॉडेलचे भाग कोणीच पुरवत नाही त्याच्या पुस्तिकेची प्रत काढणे आणि वाटणे हा लेखनाधिकाराचा भंग मानू नये, असा एका ओळीचा अपवाद कायद्यात घालावा. तेवढ्याने कारागिराला तीन नंबरचे पान दुसऱ्या कारागिराकडून उघडपणे मागवता येईल, पट्टीचे माप एकाने काढले की ते दहा जणांना वापरता येईल, आणि माझ्यासारख्याला दुसरा मेलेला कॅमेरा शोधत बसावे लागणार नाही. तसा एक मला मध्यंतरी सापडलाही होता. त्याची रिबीन शाबूत होती, म्हणून मी तो दुरुस्तीसाठीच आणला. घरी येऊन सेल घातला तर तो चालू झाला, आणि आता त्याला मोडायला हात धजत नाही.